तासाला एक लिटरपर्यंत

मंगळवार, १२ मे

काल यार्डात जे घडले ते क्रमाने लिहून ठेवते. कंपनीच्या फॉर्मात जागा कमी आहे, आणि चार दिवसांनी मला हेच वेगळे आठवेल.

१. सोमवार, ११ मे. पहिली पाळी, सकाळी आठला सुरू. ठिकाण: द्रोणागिरीतले आमचे कंटेनर यार्ड, शेड क्रमांक ३.
२. जोतीराम सोनकांबळे, वय ५४. काम लॅशिंगचे, म्हणजे कंटेनरमध्ये भरलेला माल पट्ट्यांनी आवळून बांधणे.
३. दुपारी दोन वाजता बाहेर ३८ अंश, कंटेनरच्या आत ४७.
४. पाण्याची सोय होती. थंड पाण्याचे मशीन शेडपासून चाळीस मीटरवर. मशीनच्या वर 'तासाला एक लिटर पाणी प्या' हा फलक. शेजारी पाण्याची वही. वहीत जोतीराम यांच्या नावापुढे सकाळपासून सहा खुणा. सहा तास, सहा खुणा.
५. २.२० ला डोके दुखते म्हणाले. २.३५ ला उलटी. उलटीत जवळजवळ फक्त पाणी.
६. २.४० ला मी पोहोचले. त्यांनी मला 'मॅडम'ऐवजी 'वैशू' अशी हाक मारली. मानसिक गोंधळाचे लक्षण म्हणून नोंदले.
७. उष्माघात समजून सावलीत निजवले. अंगावर ओले कापड. सुमारे ५०० मिली पाणी पाजले. पाजणारी मी.
८. ३.०५ ला झटका आला. दीड मिनिट.
९. ३.४८ ला वाशीतल्या रुग्णालयात दाखल.
१०. रक्तातले सोडियम ११४. कमीत कमी १३५ असायला हवे.

मी या यार्डाची सेफ्टी ऑफिसर आहे. केमिकल इंजिनियरिंग, नंतर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा. वर लिहिलेल्या दहा मुद्द्यांत माझ्या बाजूने काही राहिले आहे असे वाटत नाही.

माझे पाणी आज: ६०० मिली. (हा आकडा मी वर्षभर लिहिते आहे. बायकांचे स्वच्छतागृह गेटपाशी आहे, शेडपासून सातशे मीटर. त्यामुळे घरी परतेपर्यंत मी फारसे पीत नाही.)

बुधवार, १३ मे

जोतीराम अतिदक्षता विभागात. शुद्ध येते, जाते. डॉक्टर माझ्याच वयाच्या. मी इंजिनियर आहे कळल्यावर मोकळेपणाने बोलल्या.

"ऊन लागलेलं नाही. पाणी लागलंय," त्या म्हणाल्या. "घामातून पाणी गेलं, मीठही गेलं. तुम्ही भरलं नुसतं पाणी. चांगली मूत्रपिंडंसुद्धा तासाला साधारण पाऊण ते एक लिटर बाहेर टाकतात, त्याहून जास्त नाही. यांची तेवढंही टाकू शकत नव्हती. यांना बीपीची गोळी चालू आहे, लघवी करवणारी. ती गोळीही मीठ घालवते. वर जेवण अळणी. रक्त पातळ होत गेलं, मेंदूला सूज आली."

"शेवटी अर्धा लिटर पाणी दिलं होतं," मी म्हणाले.

"कोणी?"

"मी."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाल्या, "ते नव्हतं द्यायला पाहिजे." आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

गोळी आठ मे रोजी सुरू झाली. अपघाताच्या तीन दिवस आधी. म्हणजे फलक लागल्यापासून तीन आठवडे जोतीराम यांचे शरीर कसेबसे निभावत होते आणि गोळीने तोल गेला. ही माहिती त्यांनी मला दिलेली नव्हती. अहवालात हा मुद्दा येणे आवश्यक आहे.

माझे पाणी: ४०० मिली.

गुरुवार, १४ मे

बाबा रुग्णालयात आले. जोतीराम आणि बाबा एकाच गावचे, एका आळीत वाढलेले. बाबा तीस वर्षांपूर्वी इकडे आले, न्हावा शेव्यात एका कस्टम एजंटाकडे कारकून झाले, आम्ही सानपाड्यात राहिलो. जोतीराम आले गेल्या वर्षी, जमिनीचे वाटप झाल्यावर. यार्डातल्या कामाबद्दल बाबांनीच त्यांना सांगितले. माझी शिफारस नव्हती. मी शिफारस करत नाही.

बाकावर जोतीराम यांच्या पत्नी दुर्गाबाई होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला रुमाल बांधलेला. मला बघून सरकून जागा केली.

"जेवलीस का?"

मी गोळीबद्दल विचारले. कंपनीत का नाही सांगितली?

"कुनाला सांगायची बाळा? कुनी इच्यारलं का? तिथल्या दवाखान्यातल्या डाक्टरनं इच्यारलं, दिवसाला पानी किती पिता. तर हे म्हनले, आमच्या मॅडमनं लिहून दिलंय तेवढं. डाक्टर म्हनला, मग बरंय. मीठ तेवढं बंद करा."

"तुम्ही बंद केलंत?"

"त्या दिवसापासनं. भाकरीत बी नाई घातलं."

म्हणजे दवाखान्याचे सांगणे पाळले, माझेही पाळले. दोन्ही अचूक.

मग त्या हसल्या, हसण्यासारखे काही नसताना. "घरात बी मॅडमच म्हनायचे तुला. म्या म्हनलं, अवो, आपली वैशू हाय की ती, कडेवर घेऊन फिरलाव तुमी. तर म्हनले, नाई. तिनं सांगितलंय."

हे खरे आहे. फेब्रुवारीत, त्यांच्या पहिल्या दिवशी, चौदा माणसांसमोर त्यांनी विचारले होते, "काय गं वैशू, चहा घेतलास का?" मी म्हणाले, "इथे मॅडम म्हणायचं." ते म्हणाले, "चुकलं." पुन्हा चुकले नाहीत. मला वाटले होते, यार्डापुरते.

शनिवार, १६ मे

चौकशीची पहिली बैठक. यार्ड मॅनेजर निशांत सर, एचआरचे एकजण आणि मी.

निशांत सर कंपनीत आल्यापासून माझ्याशी नीट वागलेले आहेत. आजही नीटच वागले. चहा मागवला.

"वैशाली, टेन्शन घेऊ नको. सिंपल आहे. शेडमध्ये एकतीस माणसं. सगळ्यांनी तेच पाणी प्यायलं, तेवढंच प्यायलं. तुझ्या वहीत आहे ना?"

"आहे."

"बाकी तीस जणांना काही झालं का? नाही. मग प्रॉब्लेम पाण्यात आहे का माणसात? आजार लपवला, गोळी लपवली. वर्कर मेडिकली अनफिट. बास."

अहवालाचा मसुदा तयारच होता. 'कामगाराने स्वतःची वैद्यकीय स्थिती लपवली व स्वतःच्या मर्जीने अतिरिक्त पाणी प्राशन केले.' सही करायची आहे मला. सही झाली की जोतीराम यांचे यार्डातले काम संपले, आणि कारण कायमचे कागदावर राहिले: लपवले.

'स्वतःच्या मर्जीने' या शब्दांना मी हरकत घेतली. निशांत सर म्हणाले, "मग कोणाच्या मर्जीने?" सही सोमवारपर्यंत थांबवून घेतली. वही तपासायची आहे, असे कारण दिले.

रविवार, १७ मे

फलकाच्या मूळ मजकुराचा फोटो फोनमध्ये सापडला. १६ एप्रिल, माझे अक्षर, माझा पेन.

'तासाला एक लिटरपर्यंत पाणी प्या. त्याहून जास्त नको. बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर आधी मला सांगा.'

लावलेला फलक: 'तासाला एक लिटर पाणी प्या.'

मला वाटत होते, बदल निशांत सरांनी केला. शेवटची दोन वाक्ये त्यांनीच कमी केली, लोगो मोठा हवा म्हणून. मी विरोध केला नाही. पण 'पर्यंत' त्यांनी काढलेला नाही. पेंटर पंढरीबरोबरचे माझे बोलणे व्हॉट्सॲपवर आहे. १८ एप्रिल, ११.४२.

पंढरी: मॅडम पर्यंत बसत नाय. रफार लोगोला लागतो. अक्षर बारीक करू का काढून टाकू
मी: बारीक नको. लांबून दिसायला हवं.
पंढरी: मग काढू ना
मी: ओके

त्याने वर अंगठाही पाठवला आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात काय होते ते मला आठवते. यार्डातली माणसे कमी पितात, हा प्रश्न होता. मार्चमध्ये दोघांना चक्कर आली होती. जास्त कोण पिणार? आठ तासांत आठ लिटर कोण पिईल? मी आकडा मर्यादा म्हणून काढला होता आणि तो सूचना म्हणून टांगला. एका शब्दाने कमाल प्रमाण किमान होते, हे मला कळत होते. कळत नव्हते असे म्हणता येणार नाही.

मंगळवार, १९ मे

काल सही केली नाही. निशांत सरांनी काही विचारले नाही, फक्त मसुदा पुन्हा पाठवला.

आज संघर्षला बोलावले. तो जोतीराम यांचा लॅशिंगचा जोडीदार, पस्तिशीचा, उरणचा. वही समोर ठेवली. तीन आठवडे, एकतीस नावे, रोज आठ खुणा. इतकी स्वच्छ वही मी पाहिली नव्हती, आणि त्याचे मला समाधान होते.

"हे सगळे खरंच एवढं पीत होते?" मी विचारले.

त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मॅडम, नोकरीवर नाय ना येनार?"

"नाही."

"टिक मारतो आमी. सकाळी आलो का आठ टिका एकदम, नायतर जाताना. एवढं पानी कोन पितो? मुतायलाच जावं लागंल दिवसभर. सुपरवायझर बोंबलतो, परत मुतारीत गेला काय म्हनून." मग म्हणाला, "काका खरं प्यायचे."

"खरं म्हणजे?"

"मोबाईलमधी घंटा लावलेली. दर तासाला वाजली का हातातलं टाकून मशीनकडं. लिटरची बाटली भरायची, तिथंच उभ्यानं संपवायची, मगच टिक. आमी मस्करी करायचो. काका, मॅडम बघत नाय हाय, ओता झाडाला. ते म्हनायचे, 'ती बघत नाही म्हणूनच प्यायचं.'"

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशी पोट गच्च झालंय बोलले. बारा वाजल्यापास्नं. मी बोललो ऱ्हाऊ द्या. तर बोलले, वहीत खाडा पडंल. तुमीच ना त्यांचं नाव घेतलं मीटिंगमधी."

घेतले होते. २७ एप्रिल, सकाळची बैठक. मी म्हणाले होते, "वही भरावी तर जोतीराम यांच्यासारखी." यार्डात मी त्यांच्याविषयी बोललेले चांगले वाक्य एवढेच.

बुधवार, २० मे

सोडियम १३१. बोलतात. उजवा हात थरथरतो.

माझे पाणी: मोजले नाही.

रविवार, २४ मे

परवा त्यांना घरी सोडले. चालतात. शब्द सापडायला वेळ लागतो. डॉक्टरांनी लेखी दिले आहे: लॅशिंग, उंची आणि उष्णता कायमची बंद, बसून करायचे हलके काम दोन महिन्यांनी चालेल.

सकाळी बाबांना सगळे सांगितले. फलक, 'ओके', वही. बाबा भाजी निवडत होते. माझे बोलणे संपल्यावरही निवडत राहिले.

"जोतीरामचं एक आहे," ते म्हणाले. "पाण्याला तो नाही म्हणत नाही. कधीच."

"का?"

"गावात विहिरीवर आपल्याला पोहरा लावू द्यायचे नाहीत. खाली बसून ओंजळ धरायची, वरून कोणीतरी ओतायचं. ओतील तेवढं प्यायचं. हात मिटला की ओतणारा चालला. मी दोन घोटांत उठायचो, मला राग यायचा. तो तिथंच बसून राहायचा. श्वास लागेपर्यंत प्यायचा. म्हणायचा, पुन्हा कोण ओतणार?"

मला हे कधी सांगितले नव्हते. मी तसे म्हटले.

"तू कधी विचारलंस?"

मग म्हणाले, "मशीन लागलं तेव्हा तो मला फोन करून म्हणाला होता, बाज्या, आपल्या पोरीच्या सहीचं पाणी आहे. नळाला हात लावून स्वतः घ्यायचं."

वहीच्या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. तपासले म्हणून.

शनिवार, ३० मे

द्रोणागिरीत त्यांच्या खोलीवर गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. फळे नेली होती, ती द्यायची कशी ते कळेना, म्हणून ओट्यावर ठेवली.

जोतीराम काका खुर्चीवर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी बसा म्हटले.

"या मॅडम."

खिडकीत दीड लिटरची बाटली. दुर्गाबाईंनी तिच्यावर नेलपॉलिशने रेघा मारल्या होत्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. डॉक्टरांनी सध्या दिवसाला एवढेच सांगितले आहे. संध्याकाळची रेघ अजून लांब होती.

मी उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर बोलता आले नसते. पाटीवरचा एक शब्द मी काढायला लावला. तो असता तर पाटीचा अर्थ वेगळा झाला असता. तुम्ही लिहिलेलेच पाळत होता. चूक माझी.

ते ऐकत होते. मग हळूहळू, मध्ये थांबत, म्हणाले, "शब्द... एक?"

"एकच."

"बाकीची पोरं... पीत नव्हती ना?"

"नाही."

"मला... म्हाईत होतं." ते हसले. ओठ एका बाजूला कमी हलतो. "म्हटलं, एकानं तरी... पुरी करावी. पोरीची वही."

दुर्गाबाई पाणी घेऊन आल्या. स्टीलचा पेला, काठोकाठ. त्यांच्याकडे मी आजवर कधी पाणी घेतले नव्हते, 'नको, आत्ताच प्यायले' म्हणायची मला सवय आहे. आज पेला घेतला आणि रिकामा करून दिला. काका घोट न् घोट बघत होते.

मग त्यांनी बाटलीकडे बोट केले. "मॅडम, आता... तहान लागली तर? रेघेच्या आधी? प्यायलं तर चालंल?"

मला विचारत होते. अजूनही मलाच.

मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारून सांगते." खाली उतरून तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन केला, पुन्हा तीन मजले चढले आणि सांगितले: तहान लागली तर दोन घोट घ्या, एकूण मात्र बाटलीपुरतेच. त्यांनी मान हलवली. पुन्हा उतरताना ध्यानात आले, की वर मी त्यांना तोंडभर काका म्हणाले होते, आणि ते मला मॅडमच म्हणाले.

१२ मेच्या नोंदीतला मुद्दा ६ दुरुस्त करायला हवा. ते गोंधळाचे लक्षण होते, असे मी आता खात्रीने म्हणू शकत नाही.

सोमवार, १ जून

निशांत सरांना आधी तोंडी सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "हे तू लेखी दिलंस तर पहिली तूच जाशील. आणि वही खोटी आहे हे तूच सांगणार? ऑडिटला तूच दाखवली होतीस ती."

"हो."

"काय मिळणार तुला?"

यातून काका लॅशिंगला परत जाणार नाहीत, हात थरथरायचा थांबणार नाही. मी दिलेले अर्धा लिटर पाणी परत घेता येणार नाही. फक्त 'लपवले' हा शब्द त्यांच्या नावापुढून निघेल. शब्द निघतात, हे मला माहीत आहे.

पत्राची नक्कल इथे ठेवते. मूळ प्रत ११.१५ ला दिली, पोच घेतली.

प्रति,
यार्ड मॅनेजर

विषय: ११ मे रोजीच्या घटनेबाबत माझे निवेदन

१. अहवालाच्या मसुद्यावर मी सही करणार नाही.
२. फलकाच्या मूळ मजकुरात 'एक लिटरपर्यंत' असे होते. 'पर्यंत' हा शब्द काढण्यास मी १८ एप्रिल रोजी मंजुरी दिली. गोळ्यांविषयीचे वाक्य गाळले जात असताना मी हरकत घेतली नाही. पुरावे सोबत.
३. पाण्याच्या वहीतील नोंदी प्रत्यक्ष पिण्याशी जुळत नाहीत. मी त्या न पडताळता रोज सही केली. त्यावरून इतर तीस कामगारांना तेवढेच पाणी निर्धोक ठरले, असा निष्कर्ष काढता येत नाही.
४. श्री. जोतीराम सोनकांबळे यांनी काहीही लपवलेले नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी कंपनीची लेखी सूचना तंतोतंत पाळली.
५. घटनेच्या वेळी त्यांना पाणी पाजण्याचा निर्णय माझा होता. तो चुकीचा होता.
६. त्यांना गेट-पासच्या टेबलावर किंवा तत्सम बसून करण्याच्या कामावर घ्यावे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे.
७. फलक आज सकाळी मी उतरवला आहे. नवा फलक पूर्ण मजकुरासह लावावा. अक्षर बारीक झाले तरी चालेल.
८. स्वच्छतागृह शेडपासून सातशे मीटरवर असेल तर बायका पाणी पीत नाहीत. हे मी स्वतःवरून सांगते.

मुद्दा ४ आणि ६ यांबाबत आपला निर्णय मला लेखी कळवावा. सोमवार, ८ जूनपर्यंत उत्तर द्यावे, ही विनंती.